विषाची पिशवी

मी एक म्हातारी, सहा पायांची कोळीण आहे. मित्रांनो, कोळीण म्हटलं की तुमच्यातलं कुणीतरी मासे मागेल, म्हणून आधीच सांगून टाकते. माझं जाळं हवेत असतं, पाण्यात नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, कपाटाच्या मागे केसासारखे लांब पाय पसरून जी उलटी लटकलेली असते आणि कुणी फुंकर मारली तर अंगात आल्यासारखी गरागरा हलते, ती मी. माझं धड तांदळाच्या दाण्याएवढं. बाकी सगळे पायच. ते मूळचे आठ होते. दोन कसे गेले ते पुढे येईल.

माझा जन्म सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात झाला. कारखाना हा शब्द मालकांचा. खरं म्हणजे ती रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली होती आणि वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. खोलीत काथ्याचे गठ्ठे, गोणपाटाच्या गुंडाळ्या, फोमचे तुकडे आणि स्प्रिंगांचा ढीग. खिडकीजवळ शिलाई मशीन. सगळीकडे धूळ आणि सरसाचा वास. आमच्या कुळाला ह्याहून चांगली जागा मिळणं अवघड. मागच्या भिंतीला रिकाम्या चौकटी टेकवून ठेवलेल्या असत. त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यात आमची जाळी होती.

मला दिसतं फार कमी. पण जाळं हलतं त्यावरून मला सगळं कळतं. मालकांची हातोडी, मशीनचा टकटकाट, रस्त्यावरून जाणारी गाडी, माणसांचं बोलणं, हे सगळं धाग्यातून माझ्या पायांत येतं. त्या घरातली माणसं मी अशी पायांनी ओळखली.

मालक कमी बोलत. त्यांच्या कामात बारीक खिळे लागतात, त्यांना चुका म्हणतात. मालक मूठभर चुका तोंडात ठेवत, एकेक जिभेने ओठावर आणत, चुंबकाच्या हातोडीने उचलत आणि ठोकत. हात इतका चाले की पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस खिळ्यांवर जगतो. एखादं गिऱ्हाईक म्हणे, "तुमचे हे फार अबोल आहेत हो." मशीनवर बसलेली त्यांची बायको म्हणे, "बोलतील कसे? माझ्या चुका बोलण्यात होतात, ह्यांच्या तोंडात असतात." गिऱ्हाईक हसे. मालकही हसत, पण ओठ मिटून.

ह्या बाई खोळी शिवायच्या. त्यांच्या शिवणीचं गिऱ्हाईक कौतुक करी. मात्र त्यांना आमची भीती वाटे. नुसती नावड नाही, खरी भीती. आमच्यातलं कुणी त्यांच्या हाताजवळ उतरलं की त्यांचा श्वास अडके आणि मशीन थांबे. मग त्या झाडू घेत. दर आठवड्याला आमची जाळी निघत आणि दर आठवड्याला आम्ही ती पुन्हा विणत असू. मालक म्हणत, "असू दे गं. डास खातात ती." त्या म्हणत, "खाऊ देत. माझ्या डोक्यावर बसून खायला नको." मला ह्याचं कधी वाईट वाटलं नाही. झाडू हे त्या खोलीतलं हवामान होतं.

डास मी पुष्कळ खाल्ले. माश्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, दुसरे कोळीही खाल्ले, आणि त्यातले काही माझ्याहून अंगाने मोठे होते. जाळ्याचा धागा लांबूनच त्यांच्यावर फेकायचा, पायांनी गुंडाळायचं आणि मग चावायचं. म्हणजे माझ्याकडे विष आहे, मित्रांनो. ते नाही असं मी कुणाला सांगणार नाही. पण ते डासाच्या मापाचं आहे.

एकदा मालकांचा मेहुणा एक जुनी आरामखुर्ची टेम्पोतून घेऊन आला. हा बाईंचा थोरला भाऊ. सगळी गल्ली त्याला रेडिओ म्हणे. एकदा लागला की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. माणूस मायेचा होता. बहिणीच्या घरचं जड सामान तोच उचली, रात्री-अपरात्री हाक मारली तर धावून येई. पण कुठे काही ऐकलं की ते खरं की खोटं हे बघायच्या आधी तो ते तिसऱ्याला सांगून मोकळा होई.

ती खुर्ची एका निवृत्त परिचारिकेची होती. मालकांच्या हातात दुसरं काम होतं, म्हणून खुर्ची मागच्या कोपऱ्यात उभी राहिली. मी तिच्या आत राहायला गेले. बैठक आणि पाठ ह्यांच्यामधल्या फटीत अंधार होता, वारा नव्हता. तिथे काथ्यात एक बाकदार सुई रुतलेली होती. पूर्वी कुणीतरी शिवताना मोडलेली आणि तशीच राहिलेली. टोक वर, गंजलेलं. मी माझ्या जाळ्याचा एक धागा त्याच सुईला बांधला. मला तेवढंच हवं होतं, काहीतरी न हलणारं.

तिथेच मी अंडी घातली. आमच्यात अंडी कुठे ठेवून जायची पद्धत नाही. चार धाग्यांत ती एकत्र बांधायची आणि तो गोळा तोंडात धरून ठेवायचा. पिलं बाहेर येईपर्यंत तो खाली ठेवायचा नाही. त्या काळात खाणं जवळजवळ बंद.

अशी मी तोंडात अंडी धरून बसले असताना एके सकाळी मालकांनी खुर्ची मोकळ्या जागेत ओढली. आधीचं कापड फाडलं आणि सवयीने फटीत हात घातला. जुन्या खुर्च्यांच्या फटीत कंगवे, पेनं, चमचे सापडतात. ते काढून गिऱ्हाइकाला परत करायचे, असा त्यांचा रिवाज. हात आत आला तशी मी पळाले. पळायला वाट एकच होती, त्यांच्या हातावरून. मी त्यांच्या मनगटावर होते तेव्हाच ते ओरडले, "आई गं!" आणि हात झटकला. मी जमिनीवर पडले. त्यांना बोटाच्या मुळाशी रक्ताचा ठिपका दिसला, आणि लांब पायांनी पळणारी मी दिसले. सुई कुणालाच दिसली नाही. तिचं टोक आता फटीत नव्हतं.

"काय झालं?" बाईंनी मशीन थांबवलं.

"कोळी चावला वाटतं," मालक म्हणाले. बोट तोंडात घालून चोखलं आणि पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी बोट सुजलं. त्याच्या पुढच्या दिवशी पंजा सुजला. हातोडी धरवेना. रेडिओ टेम्पो लावून आत आला आणि हात बघूनच खाली बसला.

"लांब पायांचा होता? धड बारीक?"

"हो."

"मग संपलंच! दाजी, जगातला सगळ्यात विषारी कोळी तो. दात आखूड आहेत म्हणून माणसं जगली, नाहीतर घरटी एक गेला असता."

बाई म्हणाल्या, "दादा, दात आखूड असतील तर ह्यांना चावला कसा?"

रेडिओने मालकांच्या पंजाकडे बोट दाखवलं. "ह्यांच्या हाताची कातडी कामाने आधीच चिरलेली. तिथून शिरलं विष."

त्याच्यापाशी उत्तर नाही असं कधी होत नसे.

"आपण डॉक्टरांकडे जाऊ या," बाई म्हणाल्या.

"विष आहे ते. चढतं तसं उतरतं," मालक म्हणाले. "उगाच कापाकापी नको."

मित्रांनो, मी ह्या गोष्टीवर नंतर पुष्कळ विचार केला. मालकांना शस्त्रक्रियेची भीती होती. हात हीच त्यांची कमाई. त्यावर कुणी सुरी धरावी ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. कोळी चावला असेल तर नुसती वाट बघायची असते. दुसरं काही असेल तर उठून जावं लागतं. म्हणून त्यांना कोळीच बरा वाटला.

रेडिओने कुठून तरी लेप आणला. तो लावला, वर फडकं बांधलं. मग त्याने फवाऱ्याचा डबा आणला आणि मागच्या सगळ्या भिंतीवर रिकामा केला. तेव्हा मी परत खुर्चीच्या पोटात, गोणपाटाच्या दोन थरांमध्ये होते. बाहेरचे धागे एकेक करून हलले आणि मग हलायचे थांबले. त्या भिंतीवर माझ्या बहिणी होत्या. शेजारच्या चौकटीत एक नर होता, तोही गेला. रेडिओ एवढ्यावर थांबला नाही. त्याने गल्लीभर सांगितलं, आणि घरोघरी झाडू निघाले.

सूज मात्र उतरली नाही. मालकांना ताप भरला. एका दुपारी बाईंनी फडकं सोडलं तेव्हा मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ गेलेली दिसली. त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि मालकांची चप्पल त्यांच्या पायाशी आणून ठेवली.

"उठा."

"अगं, उद्यापर्यंत बघू."

"उठा म्हणते ना."

रेडिओ म्हणाला, "थांब, थांब. डॉक्टरला जनावर दाखवावं लागतं. त्याशिवाय औषध कळत नाही." आणि तो कॉफीची रिकामी बाटली घेऊन शोधायला लागला. भिंतीवर जिवंत कुणी उरलंच नव्हतं. शेवटी त्याने खुर्ची उलटी केली. मी सापडले. त्याने बाटली माझ्यावर उपडी घातली, खालून पुठ्ठा सरकवला आणि झाकण फिरवलं. माझे दोन पाय झाकणाच्या कडेत सापडले. मी ते सोडून दिले. आम्हाला ते येतं. लहानपणी गेलेला पाय पुन्हा उगवतो, पण वय झाल्यावर उगवत नाही. तोंडातला गोळा मी सोडला नाही.

दवाखान्याच्या टेबलावर रेडिओने बाटली ठणकन ठेवली. "हीच ती, डॉक्टर. जगातली सगळ्यात विषारी."

डॉक्टरीणबाईंनी आधी बाटलीकडे पाहिलंच नाही. त्यांनी मालकांचा हात दोन्ही हातांत घेतला, लाल रेघेवरून बोट फिरवलं, ताप बघितला.

"चावताना कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं ना," मालक म्हणाले. "म्हणजे... टोचलं, आणि ही हातावरून पळाली."

"टोचलं ते बोटाच्या मुळाशी. ही कुठे होती?"

मालकांनी आठवून मनगट दाखवलं. दाखवता दाखवता ते थांबले.

आता डॉक्टरीणबाईंनी बाटली उचलली आणि भिंग लावलं. तो मोठा, गढूळ डोळा माझ्यासमोर आला. मी सवयीने गरागरा हलायला लागले. सहा पायांवर ते नीट जमलं नाही.

"हिच्या तोंडात काय आहे ते बघितलंत का?"

"विषाची पिशवी," मालक म्हणाले. "त्या दिवशीही होती. पळताना दिसली मला. म्हणूनच तर घाबरलो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "त्या दिवशीही होती? नक्की?"

"नक्की."

"अंडी आहेत ती. ही जात अंडी तोंडात धरून फिरते. अंड्यांनी तोंड भरलेलं असताना ती तुम्हाला चावेल कशाने?"

मालकांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. रेडिओने बाटलीकडे.

मग तो हळूच म्हणाला, "पण हे सगळ्यात विषारी असतात ना? सगळे म्हणतात."

"सगळे म्हणतात. कुणी मोजलेलं नाही," डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या. "मुठीत धरून दाबली तर चावेलही एखाद्या वेळी. चुरचुरेल, जाईल. हात असा होणार नाही."

"आणि बागेत असतो तो? वाटाण्यासारखा गोल, असेच लांब पाय?"

"तो तर कोळीच नाही. त्याला विषच नसतं. पाय लांब दिसले की तुम्ही सगळ्यांना एकाच पोत्यात घालता." मग त्या बाईंकडे वळल्या. "जपून राहावं असे कोळी जगात आहेत. पण कोळ्याच्या नावाखाली माझ्याकडे येतात त्यातले बहुतेक हात-पाय पिकलेल्या जखमेचे असतात. हातात काहीतरी आहे. एक्स-रेचा फोटो काढून घ्या, शेजारीच."

फोटोत सुईचं टोक दिसलं. बाकदार, पांढरं, बोटाच्या मुळाशी खोल. बाईंनी ते लगेच ओळखलं. तसल्या सुया त्यांच्याच कामातल्या.

"आज आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणून आपण बोटाबद्दल बोलतोय. आणखी थांबला असतात तर हाताबद्दल बोलावं लागलं असतं. आत्ताच काढायचं."

मालकांना आत नेलं. जाताना ते सारखे आपल्या हाताकडे बघत होते, जणू तो कुणा दुसऱ्याचा असावा.

बाहेरच्या बाकावर बहीण-भाऊ बसले. मध्ये मी, बाटलीत.

"मला वाटलं..." रेडिओ म्हणाला.

"तुला वाटलं ते तू बोललास, दादा. मी काय केलं? मला ते पटलं नव्हतं. तरी गप्प बसले. का, तर मला हे प्राणी आवडत नाहीत. हिच्यावर आळ आला तर येऊ दे, परस्पर भिंत साफ झाली, असं वाटलं मला. आणि तिकडे ह्यांचा हात चालला होता."

रेडिओ उठला आणि औषधं आणायला गेला. जाताना त्याने डोळे पुसले की नाही ते मला बाटलीच्या हलण्यावरून कळलं नाही. पण त्याची पावलं बाकापासून दाराशी जाईपर्यंत दोनदा थांबली.

शस्त्रक्रिया झाली. टोक निघालं, पू निघाला. मालकांना तिथेच ठेवून घेतलं आणि बाई त्यांचे कपडे आणायला घरी आल्या. बाटली त्यांनी पिशवीत घातली नाही. हात शक्य तितका लांब करून सगळ्या वाटेने ती तशीच धरून आणली. त्या घाबरल्या होत्या. मीही. दोन घाबरलेल्या बायका असा आमचा प्रवास झाला.

कारखान्याच्या दारात त्या थबकल्या. आत फवाऱ्याचा वास अजून होता. मला आत सोडलं असतं तर कुणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी वळून जिन्याखालची, अडगळीची जागा गाठली. तिथे फवारा पोचला नव्हता. झाकण सैल केलं, बाटली आडवी ठेवली आणि चार हात मागे जाऊन उभ्या राहिल्या.

मी बाहेर आले नाही. मला बाहेरचं काही ठाऊक नव्हतं.

त्या वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ये की गं. तुला पोरं आहेत, मला कामं आहेत."

मी बाहेर आले. त्यांचा श्वास अडकला. पण त्या हलल्या नाहीत. मी सहा पायांनी भिंत चढून जिन्याच्या पायरीच्या पोटाशी गेले, तेव्हा कुठे त्यांनी बाटली उचलली.

काही दिवसांनी माझी पिलं बाहेर आली. काचेच्या तुकड्यांसारखी पारदर्शक. थोडे दिवस ती माझ्या अंगाखांद्यावर राहिली आणि मग एकेक करून आपापल्या कोपऱ्याला लागली. काही तर मागच्या भिंतीवर परत गेली.

मालकांचा हात वाचला. एक बोट मात्र पूर्ण मिटत नाही. हातोडी धरली की ते बोट बाहेरच राहतं. सुरुवातीला त्यांचे घाव चुकत. ते हातोडी खाली ठेवून बसून राहत आणि बाई खोळीची शिवण बाजूला ठेवून शेजारी बसत. आता त्यांनी पकड बदलली आहे. काम पूर्वीपेक्षा हळू होतं, पण होतं. ती आरामखुर्ची त्यांनी सगळ्यात शेवटी पूर्ण केली. फटीत हात घालण्याआधी आता ते दिवा धरतात आणि आत चुंबक फिरवतात.

रेडिओ गल्लीभर पुन्हा फिरला. "कोण म्हणतं हे कोळी विषारी आहेत? काहीतरीच ऐकता तुम्ही!" असं तो लोकांना दरडावून सांगे. लोक एकमेकांकडे बघत. पण ह्या वेळी तो खरं सांगत होता, म्हणून बहिणीने त्याला टोकलं नाही.

मी आता म्हातारी झाले. माझ्या जाळ्यात पूर्वीसारखा जोर नाही, आणि एखादा डास सरळ निघून जातो. मित्रांनो, जाता जाता थोडं सांगते. माझे सगळे भाऊबंद निरुपद्रवी आहेत असं मी म्हणत नाही. लाकडाच्या ढिगात हात घालताना बघा, बरेच दिवस न घातलेला बूट झटकून घ्या. आम्हाला बोटांत धरून चिरडू नका. घराबाहेर काढायचं असेल तर पेला उपडा घाला, खालून कागद सरकवा, पाय आत आहेत की नाही ते बघा. आणि तुमचं काही दुखलं, सुजलं, तर आधी ते कुणा जाणत्याला दाखवा. दोषी कोण ते मग शोधा. दोषी लवकर सापडला की माणसं दुखणं बघायचं विसरतात.

बाईंना आम्ही अजूनही आवडत नाही. दर आठवड्याला त्या झाडू घेऊन येतातच. पण आता झाडू लावण्याआधी त्या झाडूचा दांडा भिंतीवर दोनदा वाजवतात आणि थोडं थांबतात. तेवढं थांबणं आम्हाला पुरतं. आम्ही तुम्हाला आवडायलाच हवं असं काही नाही, मित्रांनो. फक्त एकदा टकटक करा. पाय पुष्कळ आहेत आम्हाला, ते गोळा करायला जरा वेळ लागतो.